सोबतीला आत्या

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी दादरला बाळंतपणाच्या तयारीच्या वर्गात नाव नोंदवत होते. बाईंनी विचारलं, "सोबतीला कोण?" आणि मी हसत म्हणाले, "आत्याच, मागच्यासारखी." तेवढ्यात फोन वाजला. लालबागच्या चाळीतल्या तिच्या शेजारच्या मालतीकाकू बोलत होत्या. दुपारी जेवून आडवी झाली, ती चहाला उठलीच नाही...

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही, विमा कचेरीत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर त्याच चाळीतल्या खोलीत एकटी राहिली. माझ्या पहिल्या खेपेला नवरा बोटीवर होता, आई कधीच गेलेली. सासूबाई कणकवलीहून यायला तयार होत्या, पण कळा देताना त्यांच्यासमोर ओरडायची कल्पनाच मला सोसवेना. मी आत्याला विचारलं, तर ती घाबरून म्हणाली, "मला काय कळतंय गं त्यातलं?" आणि दुसऱ्याच दिवशी पर्स घेऊन वर्ग शोधायला हजर!

पहिला वर्ग शिवाजी पार्कजवळ होता. एसी, मंद संगीत, मोठाले रबरी चेंडू आणि प्रत्येकीजवळ एकेक नवरा. पप्पांनी पोटातल्या बाळाशी रोज बोलायचं, असं तिथल्या ताईंनी सांगितलं. आत्यानं हात वर केला. "पप्पा बोटीवर आहेत. मी बोललेलं चालेल?" सगळे हसले, पण आमच्याकडे नंतर कुणी फारसं बघितलं नाही. गिरगावातल्या दुसऱ्या वर्गात श्लोक होते, लोणी-साखर होती, आणि बाईंनी आत्याला गोड आवाजात विचारलं, "तुम्हाला मुलं किती?" उत्तर ऐकल्यावर म्हणाल्या, "मग कळांच्या तासाला एखादी अनुभवी बाई आणा हं." आत्या खाली उतरल्यावर रस्त्यातच थांबून म्हणाली, "तू बस त्या वर्गात. मी बाहेर थांबेन." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, बाहेर थांबायला मला वॉचमन नकोय, आत्या!

दादरच्या बाई पूर्वी नर्स होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, की हिच्याजवळ शेवटपर्यंत कोण थांबणार. आत्या म्हणाली, "मी." बाई म्हणाल्या, "मग बसा." आमचा वर्ग ठरला.

कळ सोसायचा सराव म्हणून मुठीत बर्फ धरायचा आणि तो झोंबत असताना श्वास लांब सोडत राहायचं, असं बाईंनी शिकवलं होतं. लालबागच्या खोलीत आम्ही समोरासमोर बसायचो आणि आत्या दोन खडे काढायची, एक माझ्यासाठी, एक स्वतःसाठी. सांधे दुखायचे तिचे, तरी सोडायची नाही. "मला कुठे कळा यायच्यात? पण तुला काय होतंय ते मला कळायला नको?" असं म्हणायची. मग माझी पाठ दाबायचा सराव. चाळीतल्या बायका दारातून डोकावून हसायच्या. आत्यावर काही परिणाम नाही.

प्रत्यक्षात लेबर रूममध्ये ती सगळं साफ विसरली. माझी कळ आली की तीच जोरजोरात श्वास सोडायला लागायची. शेवटी आयाबाई स्टूल घेऊन आल्या, "आजी, तुम्ही आधी बसा बघू." त्या मरणाच्या कळेत मला हसू फुटलं... आणि आवळलेलं अंग सैल पडलं. पहाटे मुलगी झाली. आत्या माझ्यापेक्षा दमलेली दिसत होती.

नवऱ्याला बहीण नाही, म्हणून बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायला आत्यालाच बसवलं. कानात कुर्र केल्यावर बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे घातले. सासूबाईंचा हात तर चांगलाच दणदणीत! आत्या हसत होती आणि डोळे पुसत होती. मी विचारलं, लागलं का? म्हणाली, "नाही गं. इतक्या वर्षांत माझ्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता."

आता वर्ग सुरू झालाय. नवरा पुन्हा बोटीवर. पाठ दाबायची वेळ आली की बाकीच्यांची माणसं त्यांच्या मागे सरकून बसतात आणि मी पाठ भिंतीला टेकते. बाई येतात, दाबून देतात, पुढच्या बाईकडे जातात. मला फार एकटं वाटतं. घरी येऊन बर्फ हातात धरते तेव्हा तर जास्तच.

पण माझं जाऊ दे. मला छळतं ते वेगळंच. त्या दिवशी मी दादरहून तडक निघणार, तर मुलीला सांभाळायला आलेल्या सासूबाईंचा घरून फोन. "तू दोन जिवाची आसस. थंय जावचा नाय." गरोदर बाईनं मयताला जायचं नसतं, हे नवऱ्यानं बोटीवरून सांगितलं, काकांनी सांगितलं, सगळ्यांनीच सांगितलं. माझ्याजवळ शेवटपर्यंत थांबलेल्या बाईकडे मी जायचं नाही! भांडून, रडून मी लालबागला पोचले तोवर तिला नेलं होतं. खोली धुतलेली, फरशी अजून ओली. मालतीकाकू एकट्याच दारात उभ्या होत्या.

मी विचारलं, "काकू, तिला आंघोळ कुणी घातली?"

"आम्हीच घातली गं, चाळीतल्या बायकांनी."

"पाठ चोळलीत?"

काकू जवळ आल्या. मग ओलाच हात माझ्या गालावर ठेवून म्हणाल्या, "चोळली गं बाई. नीट चोळली."