भोंग्याचा हळू आवाज

कारखान्यात त्याला सगळे भोंगा म्हणत. आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव फक्त हजेरीपुरतं उरलं होतं. भोंगा का म्हणता, असं विचारायची वेळ कुणावर येत नसे. रस्त्याच्या त्या टोकाला त्यानं कुणाला "कसं काय?" म्हटलं, की या टोकाला झोपलेलं कुत्रं उठून जागा बदलायचं. माणूस तापट होता का? होता थोडासा. पण त्याचा राग आणि त्याचा आनंद एकाच आवाजात बाहेर पडायचे, आणि यातलं नक्की काय हे कळायच्या आत ऐकणाऱ्याच्या छातीत धस्स झालेलं असायचं.

हा आवाज त्याला कारखान्यानं दिला होता. तिथे पत्र्याच्या पेट्या, टाक्या आणि हवा खेळवायची मोठी नळकांडी बनत. दिवसभर हातोड्यांचा दणदणाट. जुन्या माणसांचे कान तर केव्हाच कामातून गेले होते. पत्रा कापायच्या यंत्रावर दोघं लागत. एकानं पत्रा पात्याखाली सरकवून रेघेला रेघ जुळवायची आणि दुसऱ्यानं खालच्या दांड्यावर पाय मारायचा. पाय मारला की पातं खाली. त्याआधी पाय मारणाऱ्यानं एकच शब्द ओरडायचा, "हात!" पत्रा लावणाऱ्याची नजर रेघेवर असते, तो हात काढतो तो या शब्दावर. पात्यापुढे पूर्वी एक जाळी होती. तिच्यामुळे काम रेंगाळतं म्हणून मालकानं ती काढून भंगारात घातली होती. तेव्हापासून सगळा भरवसा त्या एका शब्दावर होता.

पत्रा लावायचे वस्ताद आणि पाय मारायचा भोंगा. त्याला नीट मिसरूडही फुटलं नव्हतं तेव्हा वस्तादांनी त्याला हाताखाली घेतलं होतं. पहिल्या दिवशी तो लाजत लाजत "हात" म्हणाला, तर वस्तादांनी यंत्रच बंद केलं. "माझी बोटं जागेवर राहू द्यायची आहेत ना तुला? मग घशातून नको, पोटातून ओरड." तो पोटातून ओरडायला शिकला, आणि इतका चांगला शिकला की मग त्याला दुसरं काही येईनासं झालं.

घरी याचे जे व्हायचे ते परिणाम झाले. मीठ कुठे आहे असं विचारलं तरी शेजाऱ्यांना वाटे, आज पुन्हा जुंपली. मुलगी जरा कळती झाली तशी तो दारात आला की कानांवर हात ठेवायला लागली. त्यानं तिच्यावर कधी बोट उगारलं नव्हतं, हे तिची आईही मान्य करायची. पण एकदा दूध सांडलं म्हणून तो ओरडला आणि पोर जी पांघरुणात शिरली ती दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाशी बोलली नाही. त्याच आठवड्यात बायको तिला घेऊन भावाकडे गेली आणि तिथेच राहिली.

या वर्षी शाळेच्या परीक्षा संपत आल्या तेव्हा बायकोचा फोन आला. सुट्टीचे शेवटचे काही दिवस मुलीला त्याच्याकडे पाठवायला ती तयार होती.

"पण आधीच सांगते," ती म्हणाली, "ती पुन्हा घाबरून परत आली, तर मी तिला परत पाठवणार नाही. मला भांडायचं नाही तुमच्याशी. तेवढा आवाज सांभाळा."

"सांभाळतो ना!" तो गरजला. बायकोनं फोन कानापासून लांब धरला असणार, कारण तिचा पुढचा शब्द यायला बराच वेळ लागला.

लोक उन्हाळ्यात पोट कमी करायचं ठरवतात, पोहायला शिकायचं ठरवतात, आणि आठवड्याभरात सगळं बारगळतं. भोंग्यानंही उत्साहाच्या भरात पुष्कळ ठरवून टाकलं. पहाटे उठायचं, खोली आरशासारखी ठेवायची, न करपवता ऑम्लेट करायचं आणि आवाज खाली आणायचा. पहाटेचं उठणं लवकरच गुंडाळलं गेलं. ऑम्लेट शेवटपर्यंत करपत राहिलं. आवाजाच्या मात्र तो हात धुऊन मागे लागला.

शेजारच्या खोलीत कपडे शिवणारी एक बाई राहायची. मधली भिंत इतकी पातळ, की तिच्या मशीनचा दोरा तुटला तरी इकडे कळावं. तो तिच्याकडे गेला आणि म्हणाला, "ताई, माझा आवाज भिंतीतून आला की ठोका मारायचा."

"मग मी कपडे कधी शिवायचे?" ती म्हणाली. पण कबूल झाली.

पहिले काही दिवस भिंत सारखी वाजत होती. एकटा माणूस बोलणार कुणाशी? म्हणून तो भांड्यांशी बोलायचा, आरशाशी बोलायचा, समोर मुलगी बसली आहे असं समजून बोलायचा. "दूध पी गं!" ठक ठक. "दूध पितेस का?" ठक. "दूध ठेवलंय बरं का." भिंत गप्प. असं करत करत ठोके कमी झाले आणि एक दिवस पार थांबले. तेव्हा ताईच दार वाजवून आत डोकावली. "बरे आहात ना? म्हटलं, आवाज नाही, बघून यावं." भोंग्याला नाचावंसं वाटलं. पण तो खालच्या पट्टीतच म्हणाला, "बरा आहे, ताई."

कारखान्यात त्याची यथेच्छ टिंगल झाली. कुणी विचारलं, घसा गहाण टाकलास का? कुणी म्हणालं, नव्या नवरीलाही याच्यापेक्षा मोठा आवाज असतो. वस्ताद हसण्यात सामील झाले, पण जेवणाच्या सुट्टीत त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "पोरीसाठी करतोयस, चांगलं करतोयस. घरी हवा तेवढा सुधार. यंत्रावर मात्र आहेस तसा बिघडलेलाच राहा."

"यंत्रावर कसा विसरेन, वस्ताद?"

"काय?"

"विसरणार नाही!" तो पोटातून ओरडला, आणि वस्तादांचं समाधान झालं.

आणि खरंच, बरेच दिवस तो विसरला नाही. दाराबाहेर हळू, दाराआत हळू, यंत्रावर भोंगा. एकाच घशात दोन माणसं ठेवायची म्हणजे चेष्टा नव्हे, तरी त्यानं ते जमवलं.

मग एका सकाळी कामावर निघताना मुलीचा फोन आला. तो बोलला, तिनं ऐकलं, आणि म्हणाली, "बाबा, तू असा काय बोलतोस?"

"कसा?"

"गोष्ट सांगितल्यासारखा." जरा थांबून ती म्हणाली, "मी शनिवारी येते. माझी उशी आणू?"

"आण," तो म्हणाला. "तुझ्या उशीला जागा करून ठेवतो."

त्या दिवशी भोंगा जमिनीवर चालत नव्हता. नळकांड्यांचं मोठं काम आलं होतं, एकसारखे पत्रे, एकामागून एक. पाय आपोआप चालला होता आणि डोक्यात उशी होती. खिडकीजवळ ठेवावी तर सकाळी ऊन डोळ्यांवर येईल. भिंतीकडे ठेवावी तर मशीनची घरघर ऐकू येईल. वस्तादांनी पत्रा सरकवला, मान खाली घालून रेघ जुळवायला घेतली.

"हात," भोंगा म्हणाला.

म्हणाला तर नक्की. शब्द ओठांवरून गेला, त्याचा त्याला ऐकूही आला, मुलीला हाक मारावी तसा मऊ. आणि त्या शब्दामागून खाली जायची पायाला सवय होती. पाय खाली गेला.

वस्तादांच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. ते ओरडले नाहीत. आधी हाताकडे बघत राहिले, मग भोंग्याकडे. "आवाज?" एवढंच ते म्हणाले, आणि यंत्राला टेकून खाली बसले.

संध्याकाळी मालकानं भोंग्याला आत बोलावलं. "हाक दिली होतीस की नाही? एवढंच सांग."

"दिली होती. पण—"

"झालं तर मग," मालक म्हणाला, आणि बाहेर येऊन सगळ्यांना ऐकवलं. हाक दिली होती, म्हाताऱ्यानं हात काढला नाही, चूक म्हाताऱ्याची. जाळीचं नाव कुणी काढलं नाही. भोंग्याच्या जिभेवर पुढचं वाक्य तयार होतं, की हाक हळू दिली होती. पण शनिवार तोंडावर आला होता. ज्याच्या पायाखाली माणसाची बोटं तुटली त्याच्या घरी बायको पोरीला पाठवील का, हा विचार मनात आला आणि त्यानं ते वाक्य गिळलं. लाज वाटावी असाच तो विचार होता, आणि त्याला लाज वाटलीही. म्हणून काही वाक्य वर आलं नाही.

इस्पितळात वस्ताद येईल त्याला एकच सांगत होते, "त्यानं आवाज दिला नाही. दिला असता तर मी ऐकला असता. इतकी वर्षं ऐकलाय." भेटायला आलेले मान हलवायचे आणि बाहेर पडल्यावर म्हणायचे, म्हातारा भ्रमिष्ट झालाय, स्वतःची चूक मान्य करवत नाही. भोंगा एकदा दारापर्यंत गेला, हे बोलणं ऐकलं आणि तिथूनच परत फिरला.

शनिवारी मुलगी उशी घेऊन आली. पहिल्या दिवशी ती दाराजवळच बसून होती. दुसऱ्या दिवशी त्याच्याजवळ सरकली, तिसऱ्या दिवशी त्याच्या पाठीवर चढली. दूध सांडलं, तो "असू दे" म्हणाला, ती आश्चर्यानं बघतच राहिली. मग तिनं आईला फोनवर सांगितलं, "आई, बाबा ओरडतच नाही. तू पण ये ना." पलीकडून उत्तर आलं की न्यायला येईन तेव्हा दोन दिवस राहीन म्हणते. जे जे ठरवलं होतं ते सगळं पदरात पडत होतं, आणि भोंगा आपलं ताट तसंच उचलून ठेवत होता.

सुट्टी संपायला थोडे दिवस उरले असताना एका दुपारी वस्ताद आले. हाताला पट्टी होती. मुलगी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. ती लहान असताना वस्तादांनी तिला पत्र्याची होडी करून दिली होती. ती हाताकडे बघून म्हणाली, "आजोबा, दुखतं का?"

"आता नाही गं," ते म्हणाले आणि खुर्चीवर बसले. मग भोंग्याकडे वळले. "मी भांडायला आलो नाही. लोक म्हणतात माझं डोकं फिरलंय. घरचेही म्हणायला लागलेत. रोज तो क्षण आठवून बघतो, मला काही ऐकू येत नाही त्यात. आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. तू सांगशील ते मी मानीन. आवाज दिला होतास का रे?"

भोंग्यानं मुलीकडे पाहिलं. ती आकाश निळं करत होती.

"दिला होता, वस्ताद. पण हळू दिला. या असल्या आवाजात दिला. तुमची चूक नाही."

वस्तादांनी डावा पंजा कानामागे धरला. "काय?"

त्यानं पुन्हा सांगितलं, थोडं चढ्या आवाजात. वस्ताद त्याच्या ओठांकडे बघत होते. "दिला म्हणतोस? दिला होता?" त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे मीच. बरं." ते गुडघ्यावर हात टेकून उठले. आधाराला त्यांचा उजवा हातही पुढे झाला आणि मध्येच मागे आला.

तेवढ्यावर निभावलं असतं. म्हातारा दारापर्यंत पोचलाच होता. पोर रंगवत होती, बायको दोन दिवस राहायला येणार होती, आणि खरं सांगितलं नाही असंही कुणी म्हणू शकलं नसतं, दोनदा सांगितलं होतं की.

"वस्ताद!"

पोटातून आला तो आवाज. "हळू दिला! मी हळू दिला होता! तुम्हाला ऐकू जाणारच नव्हतं! चूक माझी आहे! तुमचं डोकं ठिकाणावर आहे, वस्ताद!"

मुलीच्या हातातला खडू पडला. भिंतीवर ठोका पडला, मग आणखी एक. ताई बिचारी दिला शब्द पाळत होती.

वस्ताद दारात वळून उभे होते. डोळे भरले होते, रागानं की सुटकेनं, भोंग्याला कळलं नाही. "आता आलं ऐकू," ते म्हणाले. "मालकालाही असंच सांग." आणि जिन्याचा कठडा डाव्या हातानं धरून एकेक पायरी उतरून गेले.

भोंगा वळला. मुलगी उठून पार कोपऱ्यात गेली होती आणि उशी गुडघ्यांत धरून बसली होती. तो तिच्यापासून दोन हात लांब जमिनीवर बसला. सगळा उन्हाळा घोटून घोटून कमावलेल्या आवाजात तो म्हणाला, "तुझ्यावर नव्हतो गं ओरडलो."

तिला ते ऐकू गेलं नाही. तिचे दोन्ही हात कानांवर होते.