साडूंचा काटा आणि माझी भूक

अर्जदार : मी स्वतः, राहणार उंब्रज, कराडच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिण्याचा व्यवसाय, मूळ वजन एकशे अठरा किलो. सामनेवाले : माझे साडू, राहणार सांगली, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरून निवृत्त. कालावधी : गेल्या दिवाळीपासून आजतागायत. साक्षीदार : माझी पत्नी, जी त्यांची मेहुणी असल्याने दोन्ही बाजूंनी बोलते.

सादर निवेदन असे की, माणसापेक्षा आकड्यावर अधिक विश्वास ठेवणारा माझ्या साडूंएवढा दुसरा इसम या भूतलावर झाला नाही. उसाची भरलेली गाडी आणि रिकामी गाडी यांतला फरक तीस वर्षे मोजून त्यांची ठाम समजूत झाली की, आत किती गेले आणि बाहेर किती आले, एवढ्यावरच जग चालते. घरी पाहुणा आला की पाणी देण्याआधी ते त्याच्या किल्ल्या, चष्मा, पायताण उतरवून त्याला काट्यावर उभे करतात. स्वतःच्या मुलीच्या लग्नात त्यांनी जावयाला जेवणाआधी आणि जेवणानंतर तोलले आणि भर मांडवात म्हणाले, "पावणं, पाऊणच किलो? लाजला जणू!"

माझे गुडघे निकामी झाले आणि वजन शंभराखाली आल्याशिवाय शस्त्रक्रिया नाही, असे हाडांच्या डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा कोणी न सांगता साडूंनी मला ताब्यात घेतले. दर रविवारी सांगलीहून एसटीने, काखेत फडक्यात बांधलेला काटा आणि आकड्यांची वही घेऊन ते हजर होत. माझी भाकरी त्यांनी अर्धकोरीवर आणली. मला खुर्चीत बसवून हातपाय हलवायला लावीत आणि स्वतः समोर उभे राहून गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात आकडे म्हणत. अकरा किलो उतरले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. पुढे मात्र काटा एकशे सातवर जो थांबला, तो सहा आठवडे हलला नाही. आणि भूक एखाद्या हट्टी पक्षकारासारखी पहाटेच उशाशी येऊन बसू लागली.

"साडू, काटा हलत न्हाई म्हंजी तोंड हलतंय," असा निकाल त्यांनी दिला. कचेरीसमोरच्या वडेवाल्याची उलटतपासणी झाली. माझी लिखाणाची पेटी उचकली गेली. अखेर, चोरून एक दाणाही खाल्लेला नाही, असे प्रतिज्ञापत्र मी त्यांच्यापुढे ठेवले. ते म्हणाले, "आवं, गावाला प्रतिज्ञापत्रं लिवून देणारं तुमीच की! तुमचं कोण खरं मानंल?" पत्नीनेही त्या वेळी उठून फराळाचे डबे तपासले, ते मला अधिक लागले.

मला रंगेहाथ पकडून देण्यासाठी तेच मला सांगलीच्या एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. "बाई, हे चोरून खात्यात. मशीन लावून बघा." बाईंनी मला तपासले, साडूंच्या वहीतले आकडे वाचले आणि म्हणाल्या, "काका, हे खरं बोलतायत. वजन उतरलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. मग ते कमी ऊर्जेत भागवतं आणि मेंदूकडे भुकेचे निरोप वाढतात. म्हणून काटा थांबलाय. यात चोरी नाही." त्यांनी भूक शांत करणारे, आठवड्याला एक, असे इंजेक्शन सुरू केले, जेवणात डाळी आणि अंडी वाढवली, हे औषध बराच काळ लागेल, हेही बजावले. मी बाईंसमोर रडलो, हे येथे नमूद करतो.

स्टँडवर मला गाडीत बसवताना साडू म्हणाले, "तीस वर्सं काट्यावर उसाच्या गाडीवाल्यांचं कवा ऐकलं न्हाई. किती जणांचं खरं असंल, काय ठावं." मग माझ्याकडे न बघता, "तुमी तर घरातलं."

आज माझे वजन अठ्ठ्याण्णव आहे. शस्त्रक्रिया ठरली आहे. परंतु त्या दिवसापासून साडू आलेले नाहीत. फोन केला की माझ्या पत्नीची आक्का उचलते आणि म्हणते, "त्यास्नी तोंड दाखवायला कसंतरी हुतंय."

तरी सामनेवाले यांस नम्रपणे कळवतो की, माझ्या बोलण्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही, हे खरे. पण माझ्या गुडघ्यांसाठी इतके रविवार एसटीत उभा राहून आलेला दुसरा माणूस मला नाही, आणि त्या बाईंचे दारही त्यांनीच दाखवले. दवाखान्याच्या संमतीपत्रावर जवळच्या नातेवाइकाची सही लागते. पत्नी तयार आहे. ती जागा मी अद्याप कोरी ठेवली आहे. येण्याचा दिवस कृपया स्वतः कळवावा.