देवी, मुतखडा आणि नळी

आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारागाड्या ओढतात. एकामागे एक बांधलेल्या बारा बैलगाड्या, वर खच्चून माणसं आणि कंबरेला दोर बांधून पुढे धावणारा भगत. तो भगत मी. गावात देवी अंगात येते तीही माझ्याच.

म्हणून त्या सकाळी मुतखड्याच्या कळेने मी ओट्यावर लोळायला लागलो, तेव्हा कोणी डॉक्टरकडे धावलं नाही. बायकांनी कुंकू लावलं, नारळ फोडला. एकीने विचारलं, ‘माय, मन्ही पोरनं लगीन कधी जमी?’

कळ जीव काढत होती, पण समोर पब्लिक होतं. घोगरा आवाज लावून मी सांगून टाकलं, ‘पुढच्या वर्षी.’ मग दर कळेला दरबार भरू लागला. खडा आत रुतून बसला.

शेवटी मोठ्या भावाने, आबांनी, मला देवपूरच्या दवाखान्यात आणलं. दुर्बिणीने खडा काढायचं ठरलं.

‘नळी तेवढी ठेवू नका साहेब,’ मी म्हटलं. ‘गाड्या ओढायच्यात.’

‘खडा सहज निघाला, आत सूज नसली, तर नळीची, म्हणजे स्टेंटची, गरजच नाही,’ डॉक्टर म्हणाले. ‘पण ते आत गेल्यावर कळेल.’

पाठीत इंजेक्शन दिलं आणि कंबरेखालचा मी नाहीसा झालो. पडद्यावर माझंच आतलं दिसत होतं, लाल, सुजलेलं. मी ते दुसऱ्याच्या शेताची मोजणी बघावी तसं बघत होतो.

‘बरेच दिवस अडकलेला दिसतोय,’ डॉक्टर म्हणाले. ‘स्टेंट ठेवावाच लागेल, नाहीतर लघवी तुंबेल. आखाजीनंतर काढू. तोवर ओढाताण नको.’

‘बरं,’ मी म्हटलं. वाईट वाटायला हवं होतं. तेही बधिर झालं असावं.

वॉर्डात आबांनी विचारलं, ‘नाना, पाय हालतस का?’

‘नाही.’

‘मंग आवंदा गाड्या कोन ओढी?’

‘तुमच्या पोराला भगताची हळद लावा.’



आखाजीला पुतण्याच्या कंबरेला दोर मीच बांधला. वाकलो तशी आत नळी टोचली आणि मी कण्हलो. दोन बायका लगबगीने हात जोडून पुढे आल्या.

‘देवी नाही,’ मी म्हटलं, ‘नळी आहे.’

त्या हसल्या नाहीत. जोडलेले हात तसेच धरून पुतण्याकडे वळल्या.