दुसऱ्याच्या उत्तरातल्या चार ओळी

उद्या सकाळी दहा वाजता माझी मुलगी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन, कोणी बोलावलेलं नसताना, स्वतःविरुद्ध तीन पानी निवेदन देणार आहे. हे कळल्यापासून मी दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. दोन्ही वेळा तो बंदच होता.

तिच्यावर काय कारवाई होईल, एक वर्ष वाया जाईल की दोन, मला माहीत नाही. तिलाही माहीत नाही, पण तिला त्याची फिकीर नाही. आमच्या घरात फिकिरीचं खातं पहिल्यापासून माझ्याकडेच आहे.

घरात तिला आम्ही ‘हरकत’ म्हणतो. हे नाव तिच्या बाबांनी ठेवलं. ती सात वर्षांची असताना तिच्या दादाने कपाटाची काच फोडली. त्याने रडून-भेकून बाबांची शिक्षा आठवड्यावरून चार दिवसांवर आणली होती, तेवढ्यात ही स्टुलावर चढली.

“बाबा, तुम्ही दादाची बाजू ऐकलीत?”

“काच फुटलीय, बॅट त्याच्या हातात आहे. बाजू कसली ऐकायची?”

“तरी ऐकायची असते. माझी हरकत आहे.”

“अगं, मीच फोडलीय! गप्प बस ना बाई,” दादा कळवळून म्हणाला. “चार दिवसांवर आलंय, पुन्हा आठवडा करतील.”

केलाच. तेव्हापासून दादा तिच्याकडे वकीलपत्र देत नाही.

पुढे तिने आमच्या इमारतीच्या राखणदाराला खुर्ची मिळावी म्हणून बावीस घरांच्या सह्या गोळा केल्या. खुर्ची आली, तिने ती स्वतः पुसून फाटकाशी ठेवली. आठ दिवसांनी राखणदार मला जिन्यात गाठून म्हणाला, “बाई, ती खुर्ची परत घ्या. बसलं की झोप लागते मला. नोकरी जाईल.” मी ही गोष्ट तिला सांगितली नाही. खुर्ची गच्चीवर नेऊन ठेवली आणि चोरीला गेली म्हणून थाप मारली. त्यावर तिने चोराच्या हक्कांबद्दल अर्धा तास ऐकवलं.

बारावीनंतर तिने इतिहास आणि साहित्य हे विषय घेतले. “म्हणजे मेलेल्या लोकांची भांडणं आणि कधी जन्मलेच नाहीत अशा लोकांची भांडणं,” तिचे बाबा म्हणाले. “जिवंत माणसांसाठी काही शिल्लक ठेव.” ती हसली, ट्रंकेत पुस्तकं भरली आणि दुसऱ्या शहरातल्या कॉलेजच्या वसतिगृहात गेली.

तिथे पहिल्याच महिन्यात तिला ऑपरेटरकाका भेटले. एका मोठ्या रुग्णालयात ते टेलिफोन ऑपरेटर आहेत, वय पंचेचाळीसच्या पुढे. लहानपणीच्या तापात डोळे गेले. बाहेरून बी.ए. करत होते, विषय इतिहास. दर रविवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत कोणी ना कोणी त्यांना पुस्तकं वाचून दाखवायचं, ते काम हरकतीने अंगावर घेतलं. एक अक्षर वाचायचं तर आवाजात तीन भाव आणणारी ही मुलगी. पहिल्याच दिवशी एका जुन्या नाटकातला मृत्यूचा प्रसंग वाचताना हुंदका आणला, तेव्हा काकांनी हात वर केला.

“पोरी, तू नुसतं वाच. रडायचं की नाही ते मी बघतो.”

गेल्या हिवाळ्यात मी तिला भेटायला गेले तेव्हा ती मला त्यांच्याकडे घेऊन गेली. रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खोक्यांनी भरलेल्या बोळाच्या टोकाला त्यांची खोली. खोली कसली, एक मोठं कपाटच. दिव्यांचा फलक, कानाला लावायचा फोन, ब्रेलच्या ठिपक्यांत टोचलेली डॉक्टरांच्या पाळ्यांची यादी, खिळ्याला अडकवलेली पांढरी काठी. वरचा दिवा बंद होता. मी चाचपडत स्टूल शोधलं.

“ताई, डावीकडे आहे बटण,” ते म्हणाले. “पाहुणे आले की लावतो. अंधारात वाचण्याचं मला बिल येत नाही.”

तेवढ्यात फलक वाजला. त्यांनी ऐकलं, काही न विचारता फोन जोडून दिला.

“कोणाचा होता, विचारलंही नाहीत?” मी म्हटलं.

“हाडांच्या वॉर्डाचे मोठे डॉक्टर. बोलायच्या आधी दोनदा खोकतात. बायकोचा नंबर हवा असला तर तीनदा.”

हरकत हसून लोटपोट झाली. मग त्या दोघांचं सुरू झालं. नुकतंच तिने त्यांना वाचून दाखवलेल्या एका नाटकात एक दूत आपल्या राजाचा कडक निरोप शत्रूला गोड करून सांगतो, आणि त्यामुळेच पुढे लढाई पेटते. हरकतीचं म्हणणं, दूत निर्दोष, त्याला शांतता हवी होती. काका म्हणाले, “माणूस भला होता, पण निरोप त्याचा नव्हता. मी इथे बसून लोकांचे फोन गोड करून जोडले तर चालेल का? आजारी माणसाला वाटेल तो बराय, आणि डॉक्टरला वाटेल त्याला घाई नाही.”

“पण काका, न्याय म्हणजे शेवटी परिणामच ना?”

“दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालून आणलेला परिणाम कोणाच्या नावावर मांडायचा, ते सांग आधी.”

त्याची अठरा उत्तरं तिने परत येताना बसमध्ये मला ऐकवली.

मार्चमध्ये काकांची शेवटच्या वर्षाची परीक्षा झाली. त्यांना लेखनिक लागतो: ते तोंडी सांगणार, दुसऱ्याने उत्तरपत्रिकेत उतरवायचं. लेखनिक खालच्या वर्गातला असावा असा नियम आहे. हरकत पहिल्या वर्षाला, म्हणजे चालत होती. दोघांना खेळाच्या सामानाच्या खोलीत वेगळं बसवलं. “हा वास कसला?” काका म्हणाले. “इतिहासाचा पेपर आहे की फुटबॉलचा?” देखरेखीच्या बाईंनी त्यांना गप्प बसवलं आणि स्वतःच हसल्या.

एका प्रश्नात गिरणीतल्या बायकांच्या संपाबद्दल लिहायचं होतं. काकांनी सांगितलं की आधी कायदा झाला आणि नंतर संप. हरकतीच्या हातातलं पेन थांबलं. तो धडा तिनेच त्यांना दोनदा वाचून दाखवला होता; त्यात आधी संप होता, मग कायदा. तिने क्रम उलटा करून चार ओळी बरोबर लिहिल्या. काका म्हणाले, “वाच बघू एकदा.” तिने मान खाली घातली आणि कागदावरचं नाही, तर त्यांनी सांगितलेलं वाचून दाखवलं.

ही सगळी हकीकत मला आज संध्याकाळी कळली. अडीच महिने तिने ती पोटात ठेवली होती. ठेवली म्हणण्यापेक्षा विसरली होती, कारण तिला ते काही वाईट वाटलंच नव्हतं. उपकारच वाटला होता.

मग दुसरं वर्ष सुरू झालं. गेल्या आठवड्यात तिच्या इतिहासाच्या सरांनी वर्गात जुन्या खटल्यांच्या कागदांच्या प्रती वाटल्या. एक विणकरीण, एक नावाडी, एक नोकर, अशा निरक्षर माणसांच्या साक्षी, कारकुनांनी लिहून घेतलेल्या. सर म्हणाले, वाचा आणि सांगा, काय दिसतं. कोणी गरिबी म्हणालं, कोणी अन्याय. हरकतीला दिसलं की सगळे जण एकाच भाषेत बोलतात. विणकरीण, नावाडी, नोकर, सगळ्यांची वाक्यं सारखीच नीटनेटकी. सर म्हणाले, “बरोबर. ही कारकुनाची भाषा आहे. तो दुष्ट नव्हता, त्याने फक्त सुधारून लिहिलं. ती बाई खरं काय म्हणाली ते आता कोणालाच कळणार नाही.”

“आई, मला घामच फुटला,” ती फोनवर म्हणाली. “तो कारकून मीच आहे गं.”

“अगं, चार ओळी...”

“आई, हक्क म्हणजे काही फक्त बरोबर बोलण्याचा हक्क नसतो. आपलं म्हणणं आपल्याच शब्दांत कागदावर जावं, एवढा तरी असतो ना? मी तोच घेतला. वर त्यांना खोटं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून ‘शाब्बास’ म्हटलं मला!”

आणि या सोमवारी निकाल लागला. काकांना प्रथम श्रेणी, दोन गुणांनी. त्यांनी सगळ्या वॉर्डांत बिस्किटं वाटली. रुग्णालयाने त्यांना चौकशी कक्षाचं प्रमुखपद देऊ केलंय. प्रथम श्रेणीची अट होती. हरकतीच्या खोलीवरही बिस्किटांचा पुडा आला. तिने तो फोडलेला नाही.

“मी उद्या सगळं लिहून देणार आहे,” ती म्हणाली. “मसुदा पाठवलाय. तू फक्त भाषा तपासून दे. फक्त भाषा, आई.”

फोन ठेवला तर तिचे बाबा समोर उभे. ऐकलं होतंच.

“तुझी कॉलेजातली मैत्रीण परीक्षा विभागात आहे ना? लाव फोन. म्हणावं, पोरगी येईल, तिला चहा पाजून परत पाठव.”

“तिला कळलं तर?”

“कळेल आणि आपल्यावर निवेदन देईल. देऊ दे. पण तिचं वर्ष वाचेल.” मग म्हणाले, “आणि त्या बिचाऱ्या माणसाची नोकरी.”

खोटं कशाला सांगू, मी नंबर काढला होता. मैत्रिणीने ऐकलंही असतं. आम्ही दोघींनी तीन वर्षं एका बाकावर काढली आहेत. आधी मसुदा वाचून होऊ दे, म्हणजे नेमकं काय सांगायचं ते कळेल, म्हणून वाचायला बसले.

मसुदा तिच्यासारखाच आहे. पहिल्या पानावर हक्क, दुसऱ्यावर कारकून आणि इतिहास, तिसऱ्यावर त्या नाटकातला दूत. मुख्य गोष्ट कुठेतरी मध्येच. मी वेलांट्या नीट केल्या, दोन लांबलचक वाक्यं तोडली. तिने लिहिलं होतं, “मी हा बदल जाणूनबुजून केला.” तिथे माझा हात थांबला. मी ‘जाणूनबुजून’ खोडलं आणि लिहिलं, ‘घाईगडबडीत’. किती बरं वाटलं! वाक्य एकदम निरुपद्रवी झालं. पुढे ‘खोटं वाचून दाखवलं’ होतं, त्याचं ‘वाचताना गोंधळ झाला’ केलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं, आणि मला कळलं की हे माझ्या मुलीने लिहिलेलं नाहीच. तिने फक्त भाषा सांगितली होती, आणि मी मायेपोटी तिची साक्षच बदलून ठेवली होती. दहा मिनिटांत. आणि बदलताना मला ते काही वाईट वाटलं नाही, उपकारच वाटला.

मी दोन्ही ठिकाणी तिचे शब्द परत घातले.

मग उरलेलं वाचलं, या वेळी जरा सावध होऊन. निवेदनात ‘परीक्षार्थी’ हा शब्द अकरा वेळा आलाय. परीक्षार्थींचा हक्क, परीक्षार्थींवर अन्याय, आणि तीन वेळा ‘परीक्षार्थींची चूक’. चूक कोणी ठरवली? काका त्या विषयाच्या शेवटच्या वर्षाला, ही पहिल्या. कदाचित त्यांना असं म्हणायचं असेल की कायदा कागदावर आधीच होता आणि तो अमलात यावा म्हणून बायकांना संप करावा लागला. कदाचित ते साफ चुकलेही असतील. मला माहीत नाही, हरकतीला माहीत नाही. ज्याला माहीत आहे, त्याचं एकही वाक्य त्या तीन पानांत नाही. त्याला विचारलेलंच नाही. त्याच्या वतीने ती उद्या दहा वाजता त्याची प्रथम श्रेणी आणि नवी नोकरी पणाला लावणार, आणि त्याला ते विभागाच्या पत्रातून कळणार. तेही दुसऱ्या कोणीतरी वाचून दाखवल्यावर.

माझ्या मुलीची हिंमत मोठी आहे. ती कुलगुरूंसमोरही उभी राहील. पण औषधांच्या खोक्यांच्या त्या बोळातून जाऊन, त्या कपाटाएवढ्या खोलीत स्टुलावर बसून “काका, मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं” म्हणायला तिला भीती वाटतेय, आणि ती मला समजते. काका ओरडणार नाहीत. कदाचित बोलायचेच थांबतील. ते जास्त वाईट.

आत्ता ते रात्रपाळीवर आहेत. रुग्णालयाचा नंबर माझ्याकडे आहे. लावला तर तेच उचलतील, आणि मी श्वास घेतल्याबरोबर ओळखतील. सगळं समजावून सांगता येईल, पोरीला सांभाळून घ्या म्हणता येईल. पण ते मी सांगायचं नाही. मैत्रिणीलाही काही सांगायचं नाही. तिच्या बाबांना मी तसं कळवलं, तर ते कुशीवर वळून म्हणाले, “मग करायचं तरी काय?”

काकांची पाळी सहाला सुटते. विभाग दहाला उघडतो. मधले चार तास कोणीच हिशेबात धरलेले नाहीत. तेवढ्या वेळात तिने त्यांच्यासमोर बसून ही तीन पानं जशी आहेत तशी वाचावीत, आणि ते काय म्हणतात ते ऐकावं. पुढे निवेदन द्यायचं, दोघांनी मिळून द्यायचं की आणखी काही, ते तिथे ठरेल. वर्ष गेलं तर जाईल. हे लिहिण्याआधी तिसऱ्यांदा गॅस पाहून आले, तरी लिहिते.

साडेअकरा झालेत. ती झोपली असेल आणि उठवलं तर आधी हरकत घेईल. घेऊ दे. तिलाच फोन लावते.