समईपुढे वाचलेला कायदा

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून कोणी पुस्तकं देतं का? बोरसीच्या वकीलबाईंनी दिली. आम्ही पोलादाच्या प्लांटच्या क्वार्टरातल्या बायका प्लास्टिकचे डबे नि स्टीलच्या वाट्या वाटणाऱ्या, आणि या बाईंनी तिळगुळाबरोबर हातात एकेक पुस्तक ठेवलं, तेही स्वतः लिहिलेलं. कोणाला मुलींच्या हक्कांचा कायदा आला, कोणाला विदर्भातले लोक इकडे हिंदी मुलखात प्लांटमध्ये कसे आले त्याचा इतिहास, नि मला आलं सण आणि गाण्यांचं. आता मला सांगा, एकाच बाईच्या डोक्यात कोर्टही आणि भुलाबाईची गाणीही, हे कसं मावत असेल? मला घरी येईपर्यंत दम नव्हता. रिक्षातच मी पानं उलटत बसले.

माझी शेजारीण माझ्याच बाजूला बसली होती. तिला कायद्याचं आलं होतं. "मले काय करायचा कायदा? घे तूच," म्हणून तिनं ते माझ्या पिशवीत टाकलं. इतिहासाचं मी दुसरीकडून मागून घेतलं. तिन्हींना जुन्या कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर घातलं, पांढरी बाजू वर. पुस्तकाला कव्हर नसलं तर मला ते उघडं पडल्यासारखं वाटतं.

माझी शाळा हिंदी, तीही सहावीपर्यंत. मराठी वाचायला मी पोथ्यांवरून शिकले. त्यामुळे झालं असं, की मराठीतलं काहीही वाचायला घेतलं की चाल लागते. घरचे हसतात. पत्रिका वाचली तरी ओवीसारखी निघते, काय करू?

श्रावणात दुपारी आमच्याकडे बायका वाती वळायला जमतात, मी पोथी वाचते. यंदा पोथी लवकर संपली, म्हणून मी म्हटलं, आज वकीलबाईंच्या सणांच्या पुस्तकातली नागपंचमी वाचू. समई लावली, हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं. शेजारीण खुशीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती माहेरी, भंडाऱ्याकडे निघणार होती.

"दादानं बोलावलं," ती सगळ्यांना सांगत होती, "बापाच्या वावराच्या कागदावर सही पाहिजे म्हने. लुगडं घेऊन ठेवलं माझ्यासाठी."

"नशीबवान आहेस वो," एकजण म्हणाली. "आमच्या भावानं तर सही घेतली नि चहा पाजून वापस धाडलं."

सगळ्या हसल्या. मी पुस्तक उघडलं आणि चाल धरली. पहिली ओळ निघून गेली, दुसरी गेली, आणि मग मला कळलं की मी काय वाचून राहिले. वडिलांच्या जमिनीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, लग्न झालेलं असो की नसो. तिन्ही कव्हरं सारखी, मी कायदा उघडला होता.

मी थांबले. "बाई, चुकलं. हे दुसरंच आलं."

आमच्यातली सगळ्यात मोठी, भिंतीला टेकून बसली होती, ती म्हणाली, "समई लावली ना? मंग अध्याय अर्धा सोडत नाईत. वाच."

वाचलं की मी. हिस्सा, वाटणी, हक्कसोड, सगळं चालीत. बहिणीनं हक्कसोडीवर सही करून ती नोंदवली की तो हिस्सा सहजी परत मिळत नाही, तिथे आले तेव्हा कोणी वातीसुद्धा वळत नव्हतं. शेजारणीनं माझा हात धरला.

"ते पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

"म्हनजे माह्या दादाचा कागद हाच काय?"

मला काय माहीत? पण उठले, पुस्तक पिशवीत घातलं, आणि तिला घेऊन ऑटोत बसले. अंगात अशी तरतरी आली होती की गुडघेदुखी कुठे गेली कोण जाणे.

दादानं शेजारणीच्या फोनवर कागदाचा फोटो पाठवला होता, तो वकीलबाईंनी मोठा करून वाचला. "हक्कसोडच आहे," त्या म्हणाल्या. "सही करायची तर कर, ते तुझं तू ठरव. पण लुगड्यासाठी करत असशील तर लुगडं मी देते." मग माझ्याकडे वळल्या. "खरंच समई लावली होती?"

"फूलही वाहिलं होतं," मी म्हटलं. बाई पदर तोंडाला लावून हसल्या, पण डोळे पाणावले होते. म्हणाल्या, तिन्हींत हेच पुस्तक कोणी मागून नेत नाही.

शेजारणीनं चहाचा कप न पिताच खाली ठेवला. लहानपणी भावानंच तिला खांद्यावर बसवून मंडईच्या जत्रेला नेलेलं, ते ती मला दर दिवाळीत सांगते. शेवटी तिनं तिथूनच फोन लावला, स्पीकरवर.

"दादा, मी उद्या येतो. पन सही नाई करत. वावर तूच पेर, माहं नाव तेवढं राहू दे."

पलीकडून दादा म्हणाला, "कोनं शिकवलं तुले?"

"कोनं नाई. पोथीत निंगालं."

"कोनती पोथी व?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पिशवीतून पुस्तक काढलं, या वेळी आत बघून घेतलं, आणि फोनजवळ सरकून पहिल्या ओळीपासून चाल धरली. वकीलबाई गुडघ्यावर हातानं ताल देऊ लागल्या. तिकडून फोन ठेवल्याचा आवाज काही आला नाही.