वाटूरचा दुभाषा

वाटूर फाट्यावरून आत दोन शेतं ओलांडली की रामेश्वरचं पत्र्याचं घर लागतं. गाव त्याला 'फौजी' म्हणतं. फौजेत तो नेमकं काय करायचा, हे मात्र कोणाला धड ठाऊक नाही. रिटायर होऊन आला तेव्हा चहाच्या टपरीवर त्यानं एकदा सांगून पाहिलं होतं, की मी चिनी बोलायचो. "मंग बोला की जरा!" कोणीतरी म्हणालं. तो दोन वाक्यं बोलला. सगळे खो खो हसले. त्यानंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

बायको, बेबीनंदा, चार वर्षांपूर्वी गेली. मुलगी वर्षाराणी लग्न होऊन पुण्याकडे. थोरला भाऊ रायभान अजून मेंढरं राखतो. पावसाळा सरला की कळप घेऊन जो निघतो, तो पुढच्या मिरगालाच तोंड दाखवतो. रामेश्वर दोन एकर कपाशी करतो, संध्याकाळी स्वतःच भाकरी थापतो, आणि थापता थापता चिनीत बोलत राहतो. तव्याशी, चुलीशी, कोणाशीही. भाषा गंजू नये म्हणून.

ही भाषा त्याच्याकडे आली ती कानामुळं. लहानपणी बापाच्या कळपामागं तेलंगणापर्यंत हिंडताना त्यानं तेलुगू उचलली, तांड्यांवर लमाणी उचलली. एकोणिसाव्या वर्षी भरती झाला, आणि वर्षभरात पलटणीतल्या तमिळ जवानांशी तमिळमध्ये भांडायला लागला. सुभेदारसाहेबांनी ते ऐकलं, आणि त्याची रवानगी झाली दोन वर्षांच्या चिनी भाषेच्या कोर्सला. तिथं पहिल्याच आठवड्यात त्याला घाम फुटला. 'माय' असा एक शब्द. आवाज खाली नेऊन वर उचलला तर विकत घेणं, वरून खाली आपटला तर विकणं. मराठी माणसाला त्यात आईच ऐकू येते. पण तो शिकला. हवालदार झाला आणि पुढची नऊ वर्षं सीमेवरच्या बैठकांमध्ये आपल्या साहेबाच्या खुर्चीमागं उभा राहिला.

मागच्या दिवाळीनंतर एका सकाळी दारात स्कूटी थांबली. गावातल्या बद्रीनाथरावांची आकांक्षा. पुण्यात शिकायला होती, एवढंच त्याला माहीत. तिनं चप्पल काढली, हात जोडले आणि स्वच्छ चिनीत म्हणाली, "गुरुजी, नमस्कार."

रामेश्वरच्या ओसरीवर ही भाषा दुसऱ्या कोणाच्या तोंडून पहिल्यांदाच आली होती. तो आत गेला, तिच्यासाठी पाणी घेऊन आला, आणि मगच बोलला. तेही मराठीत. "बस, बाई."

टपरीवरची ती गोष्ट तिनं बापाकडून ऐकली होती, आणि तिनं स्वतः चिनीचा डिप्लोमा केला होता. सैन्यात दुभाष्यांच्या जागा निघाल्या होत्या. घरी कोणी हो म्हणत नव्हतं, कोणी नाहीही म्हणत नव्हतं.

"काका, फॉर्म भरू का?"

त्यानं पगार सांगितला, रजा सांगितल्या, थंडी सांगितली.

"हे सगळं जाहिरातीत असतं," ती म्हणाली. "तुम्हाला कसं गेलं, ते विचारून राह्यले मी."

मग रामेश्वरनं जे सांगितलं, ते त्यानं बेबीनंदालाही कधी सांगितलं नव्हतं.

समोरच्या, चिनी बाजूलाही एक दुभाषा असे. किडकिडीत, चष्मेवाला. चेन एवढंच नाव ठाऊक. तीन वर्षं दोघं समोरासमोर उभे राहिले, आणि तीन वर्षांत एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. बोलायचे ते साहेबांचं बोलणं. एकदा गुराख्यांचे काही याक हद्द चुकून इकडं आले होते, ते परत द्यायचे होते. एक याक बिथरला, रस्सी तोडून उधळला. रामेश्वर पुढं झाला, त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तोंडानं चुचकारत त्याला उभा केला. बापाच्या कळपात शिकलेला हात तो. निघताना चेन जवळून गेला आणि हळूच म्हणाला, "तुमच्या घरी मेंढरं असणार. माझे वडीलही मेंढपाळ होते."

"मंग तुम्ही काय म्हणाले?"

"'हो' म्हणालो. तेवढंच."

"मंग?"

"मंग रिपोर्टात लिहिलं. बैठकीबाहेर काही बोलणं झालं तर लिहावंच लागतं. त्याचं वाक्य लिहिलं, माझा 'हो' लिहिला. पुढच्या बैठकीला त्याच्या जागी दुसराच माणूस आल्ता."

"तुमच्या रिपोर्टामुळं?"

"काय माहीत. त्याची बदली झाली असंल. आजारी पडला असंल. तिथं विचारता येत न्हाई, बाई. आणि माझा कागद तिकडं जायचा प्रश्नच न्हाई. हे मला बराबर कळतं. तरी सात वर्षं झाली, मनातून जात न्हाई."

आकांक्षानं विचारलं, "न्हाई लिहिलं असतं तर?"

"तर ज्यांच्यासाठी उभा होतो त्यांच्याशी बेइमानी झाली असती. लिहिलं ते बिलकुल बराबर होतं. बराबर करूनबी माणूस एकटा पडतो, एवढंच सांगून राह्यलो. दिवसभर बोलायचं, पण त्यातला एकबी शब्द आपला नसतो."

ती उठली तेव्हा त्याला वाटलं, आता ही येत नाही. पण पुढच्या रविवारी ती वही घेऊन हजर. "फॉर्म भरला, काका. आता तयारी करून घ्या."

तो हिवाळा रामेश्वरचा बोलण्यात गेला. हवामान, रस्ते, जनावरं, माफी मागणं, ताकीद देणं. मध्येच ती हसून म्हणे, "हा शब्द आता कोणी वापरत न्हाई, काका," आणि तो नवा शब्द पाटीवर लिहून ठेवी. शनिवारीच तो दाढी करू लागला. एरवी मिरगालाच दिसणारा रायभान त्या वर्षी कळप घेऊन वाटेत दोन दिवस मुक्कामाला आला, तेव्हा म्हणाला, "आवाज सुधरला रे तुझा."

आकांक्षाची निवड झाली. बद्रीनाथरावांनी पेढे वाटले, फौजीला दोन जास्त दिले. ती गेली.

पहिला फोन चार महिन्यांनी आला. त्याच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "काम कसंय?"

"बरंय, काका," ती तेवढंच म्हणाली.

त्याला चटकन समजलं. पोरगी तयार झाली, कामाचं बाहेर बोलायचं नसतं हे शिकली. त्याला बरं वाटलं आणि आत कुठंतरी रितंही झालं. मग त्यानंच बोलणं कपाशीवर नेलं. पाऊस कसा, भाव कसा, तिच्या बापाचा गुडघा कसा. सगळं मराठीत. फोन ठेवून तो भाकरी थापायला गेला. पुढच्या वेळीही ती कपाशीचंच विचारणार होती, आणि तोही तेवढंच सांगणार होता.