मास्तरांचा चुका

शिरपूरला जैन मंदिराच्या वाटेवर बसणाऱ्या त्या भाजीवालीचं नाव मी कधी विचारलं नाही. तिची आठवण आली की अजून माझे कान तापतात.

मी तेव्हा तिथल्या बोर्डाच्या शाळेत मास्तर होतो. बायको माहेरी, आणि मेहुणे जेवायला! सकाळी मी तिच्याकडून पालकाच्या तीन जुड्या घेतल्या आणि स्वतः ताकातली भाजी केली. पहिल्याच घासाला मेहुण्यांचे दात आंबले. तसंच पागोटं डोक्यावर ठेवून तरातरा गेलो आणि उरलेली जुडी तिच्यापुढे आपटली.

"पालक म्हणून चुका विकतेस? मास्तराला फसवतेस?"

ती बोटांनी भाजीवर पाणी शिंपडत होती. एका हाताचं शिंपडणं चालूच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं पालकाची जुडी उलटी करून माझ्या नाकापुढे धरली.

"पालकाचं बूड असं लालसर राह्यते. चुक्याचं पान जाड, मोडलं का कट्‌कन तुटते. अन् जीभ तं हाये न तुमाले? एक पान चावून पाहाचं होतं."

गिऱ्हाइकं थांबून बघू लागली. मी आणखीच भडकलो. "मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

आता मात्र तिचा हात थांबला.

"सांगतलं नाही? दिवसभर पोराइच्या चुका काढता, अन् हातातला चुका ओयखू येत नाही! म्या म्हनलं, मास्तर, हा चुका हाये. तुमी म्हनले, मले शिकवू नको. म्हून नाही शिकवलं."